पांढरा रस्सा परत फुटला? आधी गॅस बघा, मग पुस्तकाला नावं ठेवा

आज्जी आणि तिच्या जावांच्या वह्या गोळा करून, टाइप करून, स्पायरल मारून आमच्यात घरटी एक पुस्तक वाटलंय, आणि त्यातलं बाकी बहुतेक सगळं सगळ्यांना जमतं. सुक्कं जमतं, खिमा जमतो, खर्डा तर कुणालाही जमतो, तांबड्याबद्दल थोडी कुरकुर असते पण तो संपतो. पांढऱ्याला मात्र येऊन गाडी अडते. नारळाचं दूध घातलं, उकळी आली आणि बघता बघता वर तेल, खाली पाणी आणि मधे पांढरे कण तरंगायला लागले. हे एकदा झालं तर सोडून द्यावं, पण दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी होतंय.

मग पुढचं ठरलेलं. कुणी म्हणतं टायपिंग चुकलं, कुणी म्हणतं म्हाताऱ्यांनी एक जिन्नस मुद्दाम लिहिलाच नाही, सुनांना जमू नये म्हणून. पुण्याला असलेली भाची तर वैतागून म्हणाली, "आत्ती, मी पुस्तकात लिहिलंय तस्संच करतोय की, एक अक्षर इकडंतिकडं केलं नाही, तरी फुटतोय." पोरगी खोटं बोलत नाही. लिहिलंय तस्संच करतीय. पण ते लिहिलं तेव्हा स्वयंपाकघरात चूल होती, पाटा होता, पातेल्यावर पाणी भरलेली झाकणी होती, आणि हे सगळ्यांना माहीतच आहे म्हणून कुणी लिहायच्या भानगडीत पडलं नाही. आता त्या वस्तू गेल्या आणि कृती तेवढी उरली. त्यामुळं जिन्नस शोधत बसू नका, जिन्नस सगळे आहेत.

आधी खरंच फुटलाय का ते बघा. हे महत्त्वाचं आहे कारण निम्म्या वेळा रस्सा फुटलेलाच नसतो. पळीभर रस्सा पांढऱ्या वाटीत घ्या, तळाला बसलेलं बोटानं चोळा. कचकच लागली तर ती नीट न वाटलेली खसखस आहे, रस्सा ठणठणीत आहे, फक्त वाटण भरड आहे. वर सोनेरी चकत्या दिसतायत पण खालचा रस्सा दुधाळच आहे तर ती मटणाची चरबी आणि फोडणीचं तूप, ते असायलाच पाहिजे, नाही दिसलं तर उलट मीच विचारेन की मटण कुठनं आणलं. फुटलेला रस्सा वेगळा ओळखू येतो, खालचं पाणी नितळ दिसायला लागतं आणि कण बोटात दाबले की मऊ लागतात, चुरा होतो. तसं असेल तरच पुढं वाचा. खसखशीवाल्यांनी सरळ वाटणाच्या भागावर जावं.

आता मुख्य कारण. पुस्तकात ओळ अशी आहे, "घट्ट दूध घालून पातेलं वैलावर सारावं, एक कढ येऊ द्यावा." नव्या पोरांनी वैल बघितलेलाच नाही. चुलीच्या शेजारी दुसरं तोंड असायचं, त्याच्याखाली जाळ नसायचा, मुख्य चुलीतली धग तेवढी तिकडं जायची. भात मुरवायला, आमटी गरम ठेवायला, दूध तापत ठेवायला तो वैल. म्हणजे म्हातारी सांगतीय की नारळाचं दूध घातलं की जाळावरनं काढा. आणि आपण काय करतो, तर तेच पातेलं त्याच मोठ्या बर्नरवर ठेवून 'एक कढ' यायची वाट बघत बसतो, तो खळाखळा येतो, आणि खेळ संपतो.

असं का होतं ते सांगतो म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात बारीक बारीक थेंब होऊन पसरलेलं तेल. ते तेल वर येत नाही कारण नारळातली प्रथिनं त्या थेंबांना धरून बसलेली असतात. साधारण ८० डिग्रीच्या पुढं ती प्रथिनं गोठायला लागतात, त्यांच्या गुठळ्या होतात, तेल सुटतं. आता पंचगंगेची जशी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोक्याची पातळी, तशी ही ८० ची समजा, आणि कोल्हापुरात पाणी उकळतं ९८ च्या आसपास, म्हणजे रस्सा खळखळायला लागला तेव्हा पूर कधीच गावात शिरलाय. थर्मामीटर नको. कडेनं बारीक फेस धरला, वाफ सरळ वर यायला लागली, मधला भाग नुसता हलतोय पण फुटून वर येत नाही, तिथंच थांबायचं. गॅसवर वैल करायचा असेल तर सगळ्यात बारका बर्नर, तो सीमवर, आणि पातेल्याखाली जुना लोखंडी तवा. इंडक्शनवाल्यांची खरी पंचाईत आहे, कारण बऱ्याच शेगड्या कमी आचेवर सारख्या चालू-बंद होत राहतात आणि चालू झाल्या की तळाला जोरात उकळी आणतात. त्यांनी सरळ शेगडी बंद करावी आणि गरम अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, दूध घालून ढवळावं, तेवढी धग पुरते.

"पण मग रस्सा पातळच राहतो, म्हणून तर उकळतोय." हे उत्तर मला इतक्या जणांनी दिलंय की खरं दुखणं इथंच आहे असं माझं ठाम मत झालंय. रस्सा पातळ असतो म्हणून माणूस तो आटवायला जातो आणि आटवताना फुटतो. आणि पातळ का असतो? कुकर. पूर्वी मटण उघड्या पातेल्यात शिजायचं, वर खोलगट झाकणी आणि त्या झाकणीत पाणी. दोन-अडीच तास ते मंद शिजत राहायचं, पातेल्यातलं पाणी आटायचं, कमी पडलं तर झाकणीतलं गरम पाणी आत ओतायचं, गार पाणी कधीच नाही. शेवटी जी अळणी उरायची ती बोटाला चिकटायची, हाडातला सगळा चिकटपणा त्यात उतरलेला. कुकरमधे पाणी आटतच नाही. दोन लिटर घातलं तर जवळजवळ तेवढंच बाहेर येतं, आणि मटण पाच-सहा शिट्ट्यांत शिजलेलं असलं तरी हाडांनी अजून म्हणावं तसं काही सोडलेलं नसतं. पुस्तकात "पाच तांबे पाणी" लिहिलंय ते निम्मं आटणार हे धरून लिहिलंय, तुम्ही पाच तांबे कुकरात घातलं तर तुम्हाला मिळेल ते मटणाचं पाणी, अळणी नाही.

त्यामुळं कुकर वापरायचाच असेल, आणि वापरा, मी पण वापरतो, तर दोन गोष्टी करा. पाणी कृतीत लिहिलंय त्याच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त घ्या. आणि मटण शिजलं की तुकडे बाजूला काढून हाडं तेवढी अळणीत ठेवून ती उघडीच अर्धा-पाऊण तास मध्यम आचेवर आटवा. आटवायचं ते आत्ता, नारळाचं दूध घालायच्या आधी. ह्या वेळी पाहिजे तेवढी खळखळ उकळू दे, तिला काही होत नाही. खाटकाला सांगताना नळी आणि मानेचे तुकडे मागून घ्या, नुसतं मांडीचं मऊ मटण घेतलं तर तुमच्या सुक्क्याला छान लागेल पण पांढऱ्याला जीव येणार नाही.

आंबट हा दुसरा शत्रू. आमच्यात तांबडा, पांढरा आणि सुक्कं तिन्ही एकाच पातेल्यातल्या मटणातून निघतं, त्यात नवीन काही नाही, घरोघरी तसंच असतं. पण अलीकडं मटणाला दही लावून मुरत ठेवायची सवय लागलीय, व्हिडिओ बघून. दही लावलेलं मटण शिजवलं की अळणी आंबूस होते, आणि आंबटात नारळाचं दूध अजून कमी तापमानाला फुटतं. पुस्तकात दही आहे पण ते सुक्क्याच्या कृतीत आहे, शिजलेल्या तुकड्यांना मसाल्यात परतताना घालायचं. पांढऱ्याच्या पातेल्यात जाणाऱ्या मटणाला फक्त हळद, मीठ, आलं-लसूण. हळद पण चिमटीभरच, नाहीतर पांढरा पिवळा होतो आणि मग पाहुणे विचारतात हा कुठला तिसरा रस्सा. टोमॅटोचा तर प्रश्नच नाही. लिंबू ज्याला पाहिजे त्यानं आपापल्या वाटीत पिळावं, पातेल्यात पिळणाऱ्याचा हात धरावा.

नारळाबद्दल. नारळ फोडल्यावर आत मोड आलेला कोंब निघाला किंवा पाणीच नसलं तर तो पांढऱ्याला घेऊ नका, चटणीला वापरा. मिक्सरमधे खोबरं गार पाण्यात वाटलं तर दूध नीट सुटत नाही, आणि फार वेळ फिरवलं तर भांडं तापून तेल तिथंच सुटतं, लोण्यासारखा थर पात्याला लागलेला दिसतो. कोमट पाणी घ्या, थांबून थांबून फिरवा, फडक्यातून पिळा. पहिलं घट्ट दूध वेगळं ठेवा. त्याच चोथ्यात परत कोमट पाणी घालून दुसरं पातळ दूध काढा. हे दुसरं दूध आधी जातं, पहिलं शेवटी, आणि दोन्ही एकदम ओतणारे बरेच जण आहेत. फ्रिजमधलं दूध सरळ उकळत्या अळणीत ओतू नका. नारळाचं तेल २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं, फ्रिजमधे त्याच्या गाठी झालेल्या असतात आणि त्या नुसत्या वितळून वर तरंगतात, मग फुटला म्हणून बोंब. बाहेर काढून कोमट होऊ द्या, मग पळीभर गरम अळणी दुधात घालून ढवळा आणि ते मिश्रण पातेल्यात घाला, उलटं नको.

डब्यातलं तयार दूध चालतं का, चालतं. त्यात बहुतेक वेळा ते एकजीव राहावं म्हणून काहीतरी घातलेलंच असतं, त्यामुळं ते लवकर फुटत पण नाही. पण चव जरा गोडूस लागते आणि घट्ट असतं, तेव्हा निम्म्याला निम्मं पाणी. घाईच्या दिवशी मी काही बोलणार नाही.

वाटण. खसखस, पांढरे तीळ, थोडे काजू. काजू आज्जीच्या कृतीत नाहीत, तिथं मगजबी आहे, पण काजूनं रस्सा जास्त धरून राहतो म्हणून मी घालतो आणि त्याबद्दल घरात मला टोमणे बसतात. हे वाटण नुसतं चवीला नसतं, त्याचे बारीक कण तेलाला धरून ठेवायला मदत करतात, म्हणून वाटण कमी पडलं की फुटायची शक्यता वाढते. पाट्यावर खसखस लोण्यागत व्हायची, मिक्सरमधे दोन चमचे खसखस नुसती भांड्याच्या कडेला फिरत बसते. तिला कोरडीच मंद आचेवर जरा गरम करा, रंग बदलू देऊ नका, लहान भांड्यात कोरडी पूड करा, मग गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि मग काजू-तिळाबरोबर परत वाटा. तरी शंका असेल तर गाळणीतून गाळून घ्या. गाळणीत जे उरेल ते सुक्क्यात जाईल, वाया काही जात नाही.

तर क्रम असा बसतो, एक किलो मटणाच्या हिशोबानं. आटवलेली अळणी साधारण एक लिटर पांढऱ्यासाठी बाजूला काढा, बाकीची तांबड्याला. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा, दोन-तीन हिरव्या मिरच्या चिरून, मिरे. त्यात वाटण घालून मंद परता, तूप सुटेपर्यंत पण रंग न बदलता, इथं रंग बदलला तर पांढरा रस्सा बदामी होतो. मग अळणी, एक चांगली उकळी, मीठ इथंच बघून घ्या. गॅस कमी. दुसरं दूध घाला, पाच मिनिटं मंद, मधे मधे ढवळत. आता गॅस सीमवर किंवा बंदच, कोमट केलेलं घट्ट दूध बारीक धारेनं, एका हातानं ढवळत. कडेनं फेस धरला की उतरवा. झाकण ठेवू नका, निदान पहिली दहा मिनिटं तरी नको, झाकणाखाली धग कोंडते आणि उतरवलेला रस्सा पण फुटतो. हे मी स्वतः बघितलंय, लोकांना खरं वाटत नाही.

फुटलाच तर टाकून देऊ नका. आधी गॅस बंद, जोरजोरात ढवळायचं नाही. थोडा निवू द्या, हे लक्षात ठेवून करा कारण उकळता रस्सा मिक्सरमधे घातला तर झाकण उडून भिंत रंगते आणि हात भाजतो. निवल्यावर मटणाचे तुकडे, लवंगा-दालचिनी काढून घ्या, रस्सा थोडा थोडा मिक्सरमधे आठ-दहा भिजवलेल्या काजूंबरोबर फिरवा आणि परत नुसता कोमट-गरम करा. पहिल्यासारखा मऊ होत नाही, थोडा जडसर लागतो, पण पंगतीत कुणाला कळत नाही. काही जण कॉर्नफ्लोअर लावतात. मला ते पटत नाही, रस्सा निवला की खळीसारखा होतो, पण चार वाजता पाहुणे यायचेत आणि साडेतीन वाजलेत अशी वेळ असेल तर तुमचं तुम्ही बघा.

दुसऱ्या दिवसाचं विचारतात. पांढरा परत गरम करताना फुटतोच जवळजवळ. उरेल असं वाटत असेल तर नारळाचं दूध घालायच्या आधीच निम्मी अळणी वाटणासकट डब्यात काढून ठेवा, दूध वेगळ्या बाटलीत फ्रिजला, आणि दुसऱ्या दिवशी ताजं जोडा. मोठ्या प्रमाणावर करताना पण हीच युक्ती. आषाढात मंगळवार-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाई देवीला घालायला गल्लीगल्लीतनं लोक पी-ढबाक वाद्यं वाजवत निघतात आणि मग गल्लीत मटणाचा बेत असतो, तेव्हा शंभर माणसांचं पातेलं असतं, ते गॅस बंद केल्यावर पण बराच वेळ उकळतच राहतं. एवढ्या पातेल्यात दूध घालायचं तर गॅस बंद करून पहिली खळखळ पूर्ण बसू द्यायची, किंवा पंगतीपुरतं बादलीत काढून त्यात दूध घालायचं, पुढच्या पंगतीला परत नवं. आमच्या गल्लीतला आचारी दुसरा मार्ग धरतो आणि त्याचा रस्सा कधी फुटलेला मला आठवत नाही.

आता तांबड्याची कुरकुर, थोडक्यात. "कट (वरचा लाल तेलाचा तवंग) येत नाही" किंवा "कट आलाय पण काळपट". दुसरीचं कारण सोपं आहे, तेल धुरावर असताना चटणी घातली. पुस्तकात 'चटणी' म्हणजे आपली वर्षाची कांदा-लसूण चटणी, डंकावर कुटून आणलेली, हे मुंबईच्या जावयाला सांगावं लागलं कारण त्यानं ओल्या खोबऱ्याची चटणी घातली होती, असो. ती चटणी करपायला काही सेकंद पुरतात, तेव्हा गॅस बंद करून घाला, ढवळा, लगेच पळीभर गरम अळणी, मग गॅस सुरू. कट न येण्याची कारणं म्हणजे तेल कमी, किंवा गार पाणी ओतलं, किंवा झाकण ठेवून भडका उकळला. उघडं, मंद, पंधरा मिनिटं, आणि तेलाला हात आखडता घेणाऱ्यांनी कटाची अपेक्षा ठेवू नये. रंग फिका येतो ते बहुतेक मिरचीमुळं. रंग बेडगीचा, झणका संकेश्वरीचा किंवा लवंगीचा, कृतीत नुसतं 'मिरची एक शेर' असलं तरी म्हाताऱ्या दोन्ही मिसळायच्या. वर्ष संपत आलं की चटणीचा रंग तसाही उतरतो, उजेडात ठेवलेल्या काचेच्या बरणीत तर फारच लवकर. बरणी कपाटात ठेवा.

आणि शेर आला तसं मापाचं पण सांगून टाकतो कारण पुस्तकातल्या बाकीच्या बऱ्याच घोटाळ्यांचं मूळ तिथं आहे. वजनं सक्तीनं किलोची झाली ती १९६२ च्या एप्रिलपासून, आणि आज्जीची वही त्याच्या आधीची, नंतरची, दोन्हीची खिचडी आहे. वजनातला शेर म्हणजे ८० तोळे, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेर ९३३ ग्रॅम, पावशेर २३३. आपण पावशेर म्हणून पाव किलो घेतो तो फरक मटणात चालून जातो. घोळ होतो तो मापाच्या शेरात. चिपटं, मापटं, शेर, पायली ही भरून मोजायची मापं आहेत, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि चिपटंभर तांदूळ आणि चिपटंभर पोहे ह्यांचं वजन एक कसं असेल? भडंगाच्या कृतीत 'पायलीभर चुरमुरे' बघून एकानं चार किलो चुरमुरे आणले होते, पोतं घेऊन घरी आला बिचारा. घरात कुणाकडं पितळेचं जुनं मापटं असेल तर एकदा त्यात तांदूळ, मग डाळ, मग रवा भरून वजनकाट्यावर ठेवा आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर आकडे लिहून टाका. वाटीचं पण तसंच, ज्या घरातली कृती त्या घरातली वाटी. आमच्या मोठ्या आज्जीची 'वाटी' म्हणजे फुलपात्र होतं हे तिच्या सुनेनं सांगितलं तेव्हा कुठं तिच्या सांज्याच्या पोळ्या जमायला लागल्या.

एक शेवटची, कारण ती पण फुटण्याचीच तक्रार आहे. गव्हाची खीर. खपली गहू कांडून, शिजवून, गूळ घालून झाली की पोरी वरनं दूध ओततात आणि उकळतात, आणि दूध फाटतं. गूळ थोडा आंबट गुणाचाच असतो, त्यात जुना किंवा पावसात पाणी सुटलेला असेल तर जास्तच. पुस्तकात दूध ह्या खिरीच्या जिन्नसांत लिहिलेलंच नाही, नीट बघा, ते 'वाढताना' ह्या ओळीत आहे. खीर गुळात शिजवायची, सुंठ, जायफळ, खोबरं घालून उतरवायची, आणि ताटात वाढल्यावर वरनं गरम दूध आणि तूप. पातेल्यातच एकत्र पाहिजे असेल तर खीर कोमट होऊ द्या आणि दूध उकळून गार केलेलं घाला, परत गॅसवर ठेवू नका.

एवढं सगळं करून पांढरा फुटलाच तर मला नुसतं "फुटला" म्हणून फोटो पाठवू नका, फोटोत सगळेच रस्से सारखे दिसतात. कुकर की पातेलं, अळणी आटवली का, मटणाला काय लावलं होतं, दूध घरचं की डब्यातलं, फ्रिजमधनं काढलेलं का, आणि फुटला तेव्हा गॅस कुठल्या बर्नरवर केवढा होता, ते सांगा. झाकण होतं का ते पण.